हळदीचा आकडा

“ह्यो हळदीचा न्हाई मॅडम. ह्यात हिरवा लई झालाय.”

सातवीतली एक मुलगी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, हनुवटी मुठींवर ठेवून बोलते आहे. डोळे समोरच्या दिव्यावरून हलत नाहीत. दिव्याशेजारी तिनं घरून आणलेलं हळकुंड आहे, मधोमध मोडलेलं. मोडलेल्या जागी आतला गडद, तांबूस पिवळा रंग दिसतो. दिवा ज्या गाडीवर आहे ती वीतभर लांबीची. निळं अॅल्युमिनियमचं अंग, दोन मोठी चाकं, तोल सांभाळायला एक बारकं चाक, समोर अंतर मोजणाऱ्या सेन्सरचे दोन गोल डोळे आणि पाठीवर उघडा सर्किट बोर्ड. एमबॉट हे तिचं नाव. शेन्झेनच्या मेकब्लॉक कंपनीनं २०१५ साली हा छोटा रोबो मुलांसाठी बाजारात आणला. इथं त्याला सगळे गाडीच म्हणतात.

मिरज तालुक्यातली ही माध्यमिक शाळा. शनिवार म्हणून शाळा सकाळची होती, ती सुटली आहे. मैदानात उरलेली पोरं सायकली काढताहेत. लॅबमध्ये मात्र गर्दी आहे, कारण तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून देशभरातल्या शाळांना टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. ही त्यांतलीच एक. भिंतीला पक्कड-पान्हे टांगलेत, कोपऱ्यात थ्रीडी प्रिंटर झाकून ठेवलाय आणि खिडक्यांना पडद्यांच्या जागी बारदान लावलंय. ते सांगलीच्या मार्केट यार्डातून आलंय. हळकुंडवालीचे वडील तिथं हमाल आहेत, त्यांनीच फाटकी पोती शिवून दिली. खोली अंधारते ती या पोत्यांनी, आणि खोलीला हळदीचा वास येतो तोही त्यांचाच.

संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळ्यांची उतरंड आहे. एकाखाली एक ठोकळे जोडायचे, की त्याचा प्रोग्रॅम होतो. दिव्याच्या ठोकळ्यात तीन रिकाम्या जागा: लाल, हिरवा, निळा. सध्या त्यांत २५५, २५५, ० असे आकडे आहेत. पुस्तकात लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा असं दिलंय, म्हणून मुलांनी दोन्ही आकडे शेवटपर्यंत चढवले. दिवा पिवळा आहे हे खरं, पण त्यात हिरवट झाक आहे. हळद तशी नसते, हे या खोलीत कुणाला सांगावं लागत नाही.

मॅडम उत्तर देत नाहीत. त्या विचारतात, “मग काय करशील?”

“हिरवा कमी करीन की.”

“किती?”

ती गप्प होते. हळदीत हिरवा किती, हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नाही. मलाही नाही.

तिच्या मागे उभा असलेला उंच मुलगा वेगळ्याच गोष्टीवर अडलाय. तो चित्रकलेत हुशार आहे, त्याच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हरसुद्धा त्यानं रंगवलंय. तो म्हणतो, “लाल नि हिरवा कालवला की मातकट होतंय मॅडम. पिवळा कसा काय आला?” प्रश्न अगदी रास्त आहे. कागदावरचा रंग प्रकाश गिळतो. लाल रंग बाकीचं गिळून लाल परत पाठवतो, हिरवा हिरवं पाठवतो, दोन्ही कालवले की गिळणारे दोन झाले, परत येणारं कमी झालं, म्हणून मातकट. दिव्याचं उलट आहे. तो काहीच गिळत नाही, नुसता देतो. दोन दिवे एका जागी लागले की डोळ्यात जास्त प्रकाश येतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांतून तीन चित्रं एकाच पडद्यावर टाकून रंगीत फितीचं चित्र दाखवलं होतं. टेबलावरच्या या दिव्यात तेच तीन रंग आहेत, पाच मिलिमीटरच्या चौकोनात.

मॅडम हे सांगत बसत नाहीत. त्या कपाटातून जुनी सीडी काढतात. आकडे कमी करून दिवा मंद करतात, उरलेल्या खिडकीवरही बारदान सोडायला लावतात आणि सीडी उंच मुलाच्या हातात देतात. “दिवा हिच्यात बघ. सरळ नको, तिरका धरून.”

तो सीडी डोळ्याजवळ नेतो, लांब नेतो, मनगट फिरवतो. सीडीवरच्या बारीक रेषा प्रकाशाचे रंग सुटे करतात. उन्हात धरली तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा सगळा पट्टा अखंड दिसतो. आत्ता त्याला काय दिसतंय ते त्याच्या तोंडावरून कळतं. कपाळाला आठ्या पडतात, मग भुवया वर जातात.

“लाल दिसतोय. हिरवा दिसतोय. मधी काळं हाय.”

“पिवळा?”

“पिवळा न्हाईच.”

सीडी हातोहात फिरते. प्रत्येक जण खात्री करून घेतो. टेबलावर पिवळा दिवा उघड्या डोळ्यांना दिसतोय आणि सीडीत त्याचा मागमूस नाही. एक लहानखुरा मुलगा पुन्हा पुन्हा दिव्याकडे आणि सीडीकडे पाहतो. त्याचा कशावर विश्वास ठेवायचा हे ठरत नाही. मॅडम सांगतात, की आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. खरा पिवळा प्रकाश आला तरी त्यांतल्या दोन प्रकारच्या पेशी जाग्या होतात, लाल आणि हिरवा एकत्र आले तरी त्याच दोन जाग्या होतात. मेंदूला फरक कळायला वाव नाही. “म्हणजे पिवळा आपणच करतोय,” हळकुंडवाली म्हणते. मॅडम मान हलवतात आणि गाडी पुन्हा तिच्यापुढे सरकवतात.

रोबो शिकवण्याच्या बऱ्याच वर्गांत दिव्याला पाच मिनिटं मिळतात. तो लागतो, विझतो, टाळ्या होतात आणि सगळे चाकांकडे वळतात. कारण गाडी पळाली की शिकवल्यासारखं वाटतं. मला हे नुकसानीचं वाटतं. चाक फिरलं की नाही ते दुरूनही कळतं. रंग बरोबर आला की नाही हे ठरवायला जवळ यावं लागतं, थांबावं लागतं, आणि ज्या वस्तूचा रंग हवा ती वस्तूही पुन्हा बघावी लागते. ही मुलगी जन्मापासून हळदीच्या पोत्यांत वावरली आहे. आज तिनं हळकुंड मोडून आतला रंग न्याहाळला तो या तीन रिकाम्या जागा भरायच्या होत्या म्हणून.

आता एक अडचण उभी राहते. हळकुंडाचा रंग बघायचा तर उजेड हवा, दिव्याचा बघायचा तर अंधार हवा. मुलं आधी बारदान वर-खाली करून बघतात. उजेड आला की दिवा फिका पडतो, अंधार झाला की हळकुंड काळं दिसतं. शेवटी हळकुंडवालीच तोडगा काढते. बारदानाची एक कड बोटभर सरकवून ठेवायची, तिथून येणारी उन्हाची पट्टी हळकुंडावर घ्यायची आणि गाडी टेबलाच्या सावलीतल्या टोकाला. दिव्यावर बटर पेपरची छोटी टोपी बसवतात. टोपीवाचून तीन रंग तीन ठिपक्यांसारखे वेगवेगळे डोळ्यात शिरतात. कागदावर आले की एक होतात.

आणि मग ती आकडा उतरवायला लागते. हिरवा २००. “अजून लिंबूच.” १८०. १६०. प्रत्येक वेळी ठोकळ्यातला आकडा बदलायचा, दिवा बदलतो, मान वळवून हळकुंड बघायचं, परत दिवा. गाडी केबलनं संगणकाला जोडलेली आहे, त्यामुळे बदल लगेच दिसतो. १२० ला सगळेच “न्हाई, न्हाई” करतात, भगवा झाला. १३०. १५०. कुणी म्हणतं १५० च बरोबर, कुणाला त्यात अजून हिरवा दिसतो. बोलता बोलता भांडण भलतीकडेच जातं: कुठली हळद? राजापुरी की सेलम? हळकुंड की दळलेली? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं प्रसिद्ध, सौद्यात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघून बोली लावतात. या पोरांना त्यातलं पुष्कळ माहीत आहे. एक जण ठामपणे सांगतो, “दळल्यावर उजळ हुती. हिनं हळकुंड आणलंय, मग हळकुंडाचाच धरायचा.” हे सगळ्यांना पटतं.

लाल थोडा खाली येतो, हिरवाही थोडा उतरतो. २४०, १४०, ०. मुलगी हळकुंड उचलून उन्हाच्या पट्टीत धरते, दिव्याकडे बघते, परत हळकुंडाकडे. काही बोलत नाही. वहीत तीन आकडे लिहिते आणि त्यांच्याभोवती चौकट काढते.

दुसऱ्या टेबलावर आठवीची तिघं कागदावरच्या काळ्या पट्टीवरून दुसरी गाडी चालवताहेत. गाडीच्या पोटाखाली जमिनीकडे बघणारे दोन डोळे आहेत. ते अवरक्त प्रकाश सोडतात आणि परत येतो का ते बघतात. पांढऱ्या कागदावरून येतो, काळ्या पट्टीवरून येत नाही. दोन डोळे, म्हणून अवस्था चार. या पोरांनी चारही अवस्थांना दिव्याचे रंग दिलेत, त्यामुळे गाडी चालताना तिला काय दिसतंय ते वरून कळतं. खिडकीजवळच्या वळणावर ती सारखी भरकटायची. पोरांना चाक सैल वाटत होतं. दिवा लावल्यावर दिसलं, की पट्टीवर असूनही ती “सगळं पांढरं” असा रंग दाखवते. उन्हातही अवरक्त असतंच, बारदानाच्या फटीतून येणारं ऊन काळ्या पट्टीवर पडत होतं. पोरांनी कागद हलवला, गाडी सरळ झाली. चाकाला हात लावावा लागला नाही.

इथं सहावीतला तो लहानखुरा मुलगा विचारतो, “मॅडम, दिवे दोन, वायर एकच. डाव्याला कसं कळतं माझं कुठलं ते?”

बोर्डावर दोन्ही दिव्यांकडे हुकूम नेणारी वाट खरंच एकच आहे. मॅडम टेबलावरचे कागद फाडून सहा चिठ्ठ्या करतात. तीन चिठ्ठ्यांवर एका दिव्याचे आकडे, तीनवर दुसऱ्याचे. दोन मुलांना एकामागे एक उभं करतात. नियम एवढाच: पहिल्यानं पहिल्या तीन चिठ्ठ्या आपल्याकडे ठेवायच्या, त्यानंतर आलेली प्रत्येक चिठ्ठी न वाचता मागे द्यायची. मॅडम एकेक चिठ्ठी सरकवतात. पहिला तीन ठेवून घेतो, चौथी आली तसा हात आपोआप मागे जातो. सहावी दिल्यावर मॅडम थांबतात, हात खाली घेतात. “मी थांबले की दोघांनी चिठ्ठ्या उघडायच्या.” दोघं उघडतात, आपापला रंग ओरडून सांगतात.

“अजून दोन जण उभं राहिले तर?”

“तर बारा चिठ्ठ्या.”

लगेच दोन जण मागे जाऊन उभे राहतात. मग आणखी दोन. रांग दारापर्यंत जाते. लोगो ही मुलांची संगणकभाषा १९६७ मध्ये तयार करणाऱ्यांपैकी सेमूर पेपर्ट मुलांना सांगत, की त्या भाषेतलं कासव कसं वळेल हे कळत नसेल तर आपणच कासव होऊन चालून बघा. इथं मुलं दिवे झालीत आणि त्यांना ते कळलंय. खऱ्या दिव्यात आकड्याऐवजी चोवीस झटके येतात, प्रत्येक रंगाचे आठ. एक झटका सव्वा मायक्रोसेकंदाचा. त्यात वीज जास्त वेळ टिकली तर एक, कमी वेळ टिकली तर शून्य. दोन दिव्यांचा हुकूम साठ मायक्रोसेकंदांत पोचतो. आणि या दिव्यांना पहिली चिठ्ठी हिरव्याची लागते, मग लाल, मग निळा. ठोकळ्यात आपण लाल आधी लिहितो, आतला प्रोग्रॅम क्रम बदलून पाठवतो.

आठ झटके म्हटल्यावर २५५ चा उलगडा होतो. मॅडम फळ्यावर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ लिहितात आणि बेरीज करायला सांगतात. आठवीची मुलं वही काढतात, हळकुंडवाली तोंडी करते. २५५. आठही जागा भरल्या की एवढंच मावतं.

“मग २५५ च्या अर्ध्यावर दिवा अर्धा लागंल?” कुणीतरी विचारतं.

मॅडम गाडीच्या एका दिव्याला २५५ देतात, दुसऱ्याला १२८. दोन्ही पांढरे. दोन्हींवर टोप्या. मुलं डोळे बारीक करून बघतात. फरक आहे, पण अर्धा कुणालाच वाटत नाही. “पाऊण तरी हाय.” आता अर्धा दिसेपर्यंत आकडा उतरवायचा, हा खेळ. १०० ला काही हात वर होतात, ८० ला थोडे अजून. बहुतेक जण ५० आणि ६० च्या मध्ये “आता अर्धा” म्हणतात. यंत्राच्या हिशोबात १२८ ला प्रकाश अर्धाच झालेला असतो, पण डोळा तसा मोजत नाही. अंधारात वाढलेला थोडा प्रकाश त्याला मोठा वाटतो, आणि उजेडात वाढलेला तेवढाच प्रकाश लक्षातही येत नाही. मॅडम १० चा दिवा २० करून दाखवतात, सगळे “हां!” करतात. मग २०० चा २१० करतात. कुणी हूं की चूं करत नाही.

तेवढ्यात उंच मुलाला गूळ आठवतो. त्याला दिवा गुळाच्या ढेपेच्या रंगाचा करायचाय. संगणकाच्या पडद्यावर त्यानं तपकिरी रंग निवडला, तिथं तो सुरेख तपकिरी दिसतो. तेच आकडे दिव्याला दिल्यावर मंद नारिंगी उजेड पडतो. तो आकडे कमी करतो, नारिंगी आणखी मंद होतो. तपकिरी काही होत नाही. मॅडम त्याला पडद्यावरच्या तपकिरी चौकोनाकडे दोन्ही हातांच्या ओंजळीतून बघायला लावतात, भोवतालचं पांढरं झाकून. तो ओंजळीत डोळे खुपसतो आणि तिथूनच ओरडतो, “हितं पण नारिंगीच हाय की!” तपकिरी म्हणजे उजळ शेजाराजवळ ठेवलेला काळपट नारिंगी. अंधारात एकट्या दिव्याला शेजार नाही, म्हणून त्याला तो रंग घेता येत नाही. हे मला आज प्रथमच इतकं लख्ख दिसतंय. उंच मुलगा मात्र नाराज आहे. तो दिव्याभोवती पांढरा कागद लावून त्यावर दुसरा दिवा पाडता येईल का, याचा विचार करत कागद शोधायला जातो.

खोलीत आता उकाडा वाढलाय. पंखा लावला की टोप्या उडतात, म्हणून तो बंद आहे. डब्यातली भाकरी-चटणी फिरते. एक जण विचारतो, की आज्याच्या जुन्या रेडिओत लाल दिवाच का असतो, निळा का नाही. लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये झाला, झगझगीत निळा व्हायला १९९३ उजाडलं, त्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, असं मॅडम भाकरीचा घास हातात धरून सांगतात. निळ्याशिवाय पांढरा नाही, जांभळा नाही. “पर हळद झाली असती,” हळकुंडवाली म्हणते. तिच्या चौकटीत निळ्याच्या जागी शून्य आहे.

दिवा पूर्ण जोरात डोळ्याला लागतो. प्रदर्शनात लोक जवळून बघणार, म्हणून तो मंद करायचाय आणि रंग हलता कामा नये. सातवीच्या गणितात गुणोत्तर झालंय. मुलगी दोन्ही आकड्यांना चारानं भागते: ६० आणि ३५. दिवा मंद होतो, हळद हळदच राहते. तिला आता यात मजा वाटू लागली आहे. दिवा एकदम न विझता सावकाश मंद होत विझला पाहिजे, असं ती ठरवते. २४० आणि १४० चं गुणोत्तर १२ ला ७. म्हणजे लाल एकेकानं उतरवायचा आणि दर वेळी हिरवा म्हणून लालची सात बारांश किंमत द्यायची. ती आणि उंच मुलगा मिळून ठोकळे जोडतात, प्रोग्रॅम गाडीत उतरवतात, केबल काढतात. गाडीवरचं बटण दाबायचं, की दिवा लागणार.

लागतो. मंद होत जातो. २०० असेल, १०० असेल, हळद तशीच. खूप खाली येतो, आता टोपीवर नुसती आभा उरली आहे, आणि अगदी शेवटच्या क्षणी ती तांबडी होते. मग अंधार.

“आगं बया! कुंकू झालं!”

पुन्हा बटण. पुन्हा तेच. हळदीचा दिवा विझता विझता लाल होतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते हे घरोघरी माहीत असलेलं, त्यामुळे पोरांना ते फार आवडतं. सगळे बटण दाबायला धडपडतात. उंच मुलाला मात्र ते आवडलेलं नाही. तो म्हणतो, प्रोग्रॅम बरोबर आहे, मग रंग का हलला? तो ठोकळ्यात थांबण्याचा वेळ वाढवतो, म्हणजे शेवटच्या पायऱ्या एकेक करून बघता येतील, आणि मॅडमकडून खडू घेऊन फळ्यापाशी जातो.

लाल ५ असताना हिरवा हवा २.९. लाल ४, हिरवा २.३. लाल ३, हिरवा १.७५. लाल २, हिरवा १.१७. लाल १, हिरवा ०.५८. पण दिव्याला पूर्णांकच घेता येतो. गाडी दशांश टाकून देते. मुलगा प्रत्येक आकड्यापुढे उरलेला पूर्णांक लिहीत जातो: २, २, १, १, ०. शेवटच्या शून्याखाली दोन रेघा मारतो. लाल १, हिरवा ०. म्हणजे नुसता लाल.

“टाकून देऊ नगंस, जवळच्या आकड्यात धर,” आठवीतला एक जण सुचवतो. उत्तरात अर्धा मिळवला की तेच होतं. तसा ठोकळा घालतात. १.७५ चे २ होतात, ०.५८ चा १ होतो. बटण. या वेळी विझताना हळद हिरवट होते. शेवटी लाल १, हिरवा १, म्हणजे सकाळचं लिंबूच. खोलीत एकच हशा उसळतो.

मग फळ्यापाशी बराच वेळ कुणी बोलत नाही. हळकुंडवाली पुढे होते. १२ आणि ७ असं लिहिते. खाली २४ आणि १४. खाली ३६ आणि २१. “बारा-बारानं उतरवायचं. तवा हिरवा सात-सातानं उतरतोय. तुकडा पडतच न्हाई.” २४० पासून १२ पर्यंत वीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर गुणोत्तर तंतोतंत. उंच मुलगा तिच्याकडे बघतो, खडू तिच्या हातातच राहू देतो आणि संगणकाकडे धावतो.

दिवा लागतो. वरच्या पायऱ्या एकीत एक मिसळून जातात. खालच्या मात्र कळतात: ३६ वरून २४, २४ वरून १२, प्रत्येक पायरी ठळक. आणि १२ नंतर एकदम काळोख. रंग पहिल्यापासून शेवटपर्यंत हळदीचा राहिला, पण विझणं सावकाश राहिलं नाही. मघाचा अर्ध्या उजेडाचा खेळ आता सगळ्यांना आठवतो. यंत्राकडे जिथं आकडे थोडे उरतात, तिथंच डोळा सर्वांत चिकित्सक होतो. पूर्णांकांत राहून, शून्यापर्यंत उतरताना, रंगही टिकेल आणि पायरीही दिसणार नाही असं काही मुलांना सापडत नाही. मॅडमही तसं सापडेल म्हणत नाहीत. त्या एवढंच विचारतात, “प्रदर्शनात कुठलं ठेवणार?”

उंच मुलगा म्हणतो बारा-सातचं, कारण रंग खरा. त्याला चुकलेला रंग लोकांपुढे ठेवायचा नाही. मुलगी म्हणते कुंकवाचं. तिच्या मते लोक थांबतील ते त्या शेवटच्या तांबड्यासाठी, आणि थांबले की का म्हणून विचारतील, मग फळ्यावरचा हिशोब दाखवता येईल. दोघंही मागे हटत नाहीत. आठवीची मुलं गाडी पट्टीवरच सोडून इकडे आलीत. ती दोन बाजूंना वाटली जातात. मी मनातल्या मनात मुलीच्या बाजूला आहे, पण उंच मुलाचा हट्टही मला तितकाच खरा वाटतो. रंगाशी इतका प्रामाणिक राहणारा मुलगा पुढे काय काय बघेल, या विचारानं मला आनंद होतो.

शेवटी सहावीतला तो लहानखुरा मध्ये घुसतो. “दिवे दोन हायत की.” एकाला कुंकू, एकाला बारा-सात. दोघांची सुरुवात एकदमच करायची, एकाच बटणानं.

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलगी वहीचं पान फाडून पाटी लिहायला बसते: वर हळकुंडाचे तीन आकडे, खाली दोन रकाने. “डावीकडं कुंकू लिहू?” ती विचारते. उंच मुलगा ठोकळ्यांच्या दोन रांगा मांडतोय, त्याचा हात मध्येच थांबतो.

“मॅडम, डावा म्हंजी गाडीचा डावा, का बघणाऱ्याचा डावा?”